वाट विचारणाऱ्या दोघांना

थांबा, आधी पाणी प्या.
तो फोन ठेवा खिशात. त्यातली निळी रेघ
वार्न्यापासून कोल्क्यापर्यंत बरोबर आहे,
पण तिला कुत्री माहीत नाहीत.

टायर जाड आहेत तुमचे, बरं झालं.
माझी सायकल हिरवी होती, एकाच गिअरची,
पुढे टपालाची पिशवी, मागे कधीमधी
कुणाची तरी कोंबडी, पोस्टाच्या नियमांत न बसणारी.
एकतीस वर्षं हीच खडी.
सरकार बदललं, तिकिटांवरचे चेहरे बदलले,
खडी तीच.
दात शाबूत आहेत अजून. गुडघे नाहीत.

तर असं जा.
कांद्याचे वाफे संपले की डांबर सोडा.
तिथून रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होतो.
हँडल आवळून धराल तर कोपरापर्यंत मुंग्या येतील;
सैल धरा, थोडं जोरात जा,
म्हणजे चाक माथ्यामाथ्यांवरून निघून जातं.
हे मला कुणी शिकवलं नाही,
पडून पडून कळलं.

निळ्या कुंपणाचं घर लागेल, ते उलिताचं.
जुन्या पंथाची, दोन बोटांनी क्रूस करणारी.
मुलाचं पत्र मूर्मान्स्कहून आलं की वास घ्यायची,
आणि म्हणायची, उद्या ये वाचायला,
आज उपास आहे.
उपासाला गोड बातमीही चालत नसे तिला.
मग दुसऱ्या दिवशी तेवढ्यासाठी अकरा किलोमीटर.
आता तिथे कुणीतरी शहरातलं राहतं,
कुंपण मात्र निळंच ठेवलंय.

पुढे पाइनचं जंगल. तिथे हवा बदलते,
सरोवर दिसायच्या आधी कानांना कळतं.
बर्फ वितळला की दर वसंतात
एंडेल ग्रेडर घेऊन यायचा, रस्ता खरवडायचा,
आणि मधोमध सुट्या खडीचा वरंबा सोडायचा
ज्यात माझं चाक रुतायचं.
एकदा मी पिशवीसकट आडवी झाले, पत्रं चिखलात.
त्याने काचेतून पाहिलं. उतरला नाही.
पण त्या वर्षापासून उजव्या कडेला
वीतभर पट्टा घट्ट दाबलेला असायचा,
अगदी एका सायकलीपुरता.
बावीस वर्षं.
आम्ही त्यावर कधी बोललो नाही.
त्याच्या बायकोला, एल्विरेला, मी दर महिन्याला
विणकामाचं मासिक नेऊन देत असे.

नवा पोरगा सगळा रस्ता सारखा खरवडतो,
त्याचं काही चुकत नाही.

मग काठ येईल आणि रेघ डावीकडे वळेल, परतीला.
तुमच्या लेखी तिथे रस्ता संपतो.
जानेवारीत तो संपत नसे.
गोठलेल्या पाण्यावर फांद्या खोचत खोचत
आम्ही वाट आखायचो बेटापर्यंत,
आणि मी त्या फांद्या मोजत जायचे,
कारण धुकं पडलं तर पुढची फांदी
हाच काय तो पत्ता.
मार्चमध्ये ती वाट फांद्यांसकट तळाला जायची.
पुढच्या वर्षी नवी, थोडी इकडे किंवा तिकडे.
जुनी कुणी जपून ठेवत नसे.
तुम्ही ठेवता म्हणे, सगळ्या वाटा, तारखेनिशी.
ठेवा. मला समजत नाही, पण ठेवा.

धुरीचे मासे हवे असतील तर दुपारच्या आत पोचा.
कांद्याची वेणी लहान घ्या,
मोठी पाठीवर आपटत राहते.

आणि एक.
जंगलातून बाहेर पडल्यावर वाकलेला बर्च आहे,
त्याच्या सावलीला पिवळं घर.
तिथे वेग कमी करा,
धूळ उडवू नका.
एल्विरेचे कपडे वाळत असतात.