किलोमीटर बेचाळीसचा ताळा

कुएन्काच्या रस्त्यासाठी डोंगर कापला त्याला सहा वर्षं झाली.
कापलेला उतार अजून उघडाच,
सोललेल्या बटाट्यासारखा पिवळा, ओलसर.
गवत पेरून पाहिलं. गवतच रस्त्यावर आलं.

विल्मेर पट्टी धरतो, मी कॅमेरा.
दोन पावलं, एक फोटो. दोन पावलं, एक फोटो.
प्रत्येक फोटोत मागच्याचा मोठा हिस्सा यायलाच हवा,
म्हातारं माणूस गोष्ट सांगताना
मागचं वाक्य पुन्हा उचलून पुढे जातं, तसा.
सिमेंटात रोवलेल्या सात पांढऱ्या तबकड्या:
त्यांनी हलायचं नाही, एवढीच अट.
(पाचवी हललीय. तिच्यावर बकरी उभी राहते.)

रात्री खोलीत लॅपटॉप घरघरतो
आणि एकशे ऐंशी फोटोंमधून उतार पुन्हा उभा राहतो,
ठिपक्यांचा ढग, कुठे विरळ, कुठे दाट.
ऑक्टोबरच्या ढगातून मेचा ढग वजा करायचा.
गेलेली माती लाल. साचलेली निळी.
घळींची लाल बोटं वरून खाली उतरलेली,
एक तर मनगटाएवढं जाड.

साडेतीन घनमीटर गेली.
जाणार कुठे? पायथ्याच्या गटारात.
गटार निळं दिसायला हवं होतं.
गटार कोरं.

पाण्यानं नेली असेल, विल्मेर म्हणाला.
पुढच्या मोरीतही काही नाही, मी म्हटलं.
मग तुझं गणित चुकलं.
गणित तीनदा केलं. तीनदा तेच.
फक्त चौकटीच्या अगदी वरच्या कडेला,
जिथे आम्ही मोजत नव्हतो,
मक्याच्या ओळीखाली
एक निळी पट्टी.

मग फोटोच उघडून बसले, एकेक.
एकशे चारमध्ये, डाव्या कोपऱ्यात
काळी टोपी, काळा लोकरी घागरा, पाठीवर पोतं.
एकशे पाचमध्ये ती जरा वर.
एकशे सहामध्ये नुसतीच टोपी.
हलणारं काही दिसलं की सॉफ्टवेअर ते गाळून टाकतं,
उतार स्वच्छ यावा म्हणून.

आसुन्सियोन ग्वालान.
सकाळी तिनंच आम्हाला लाल काढा पाजला होता.
तबकड्यांना पाय लावू नका, आम्ही तिला बजावलं होतं,
आणि ती बरं म्हणाली होती.

विचारलं तेव्हा सांगितलं,
रस्त्याआधी हे सगळं माझं शेत होतं.
पावसात खाली येतं. मी वर नेऊन ठेवते.
किती नेलंत?
तिनं पोत्याकडे पाहिलं,
मग हात गुडघ्यावर ठेवला.
एवढं.

अहवालात रकाने दोनच, झीज आणि भर.
बकरीची नोंद मी पाचव्या तबकडीखाली केली.
हिची कुठे करू?
'मोजमापातली चूक' लिही, विल्मेर म्हणतो, सगळे तेच लिहितात.
लिहिलं नाही अजून.

उद्या पाचवी तबकडी नव्यानं रोवायची आहे.
सिमेंटात कालवायला आम्ही गटारातली वाळू घेतो,
घमेलंभर, आजवर कधी कुणाला न विचारता.