नो सिग्नल

शाहूपुरीतलं एका ऑडिटरचं ऑफिस बंद झालं,
तिथला हा मॉनिटर. सत्तावीस इंच, अडीच हजार.
मागं अजून लेबल: टेबल क्र. ३, श्रीमती कुरणे.
जुन्या व्हाउचरांत गुंडाळून, मिठीत धरून आणला
दसरा चौकातून. इर्शाद गाडी चालवत होता
आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला
दोघंही एकदमच आईचं नाव घेत होतो.

तीन वर्षं तेरा इंचांत संगीत करतोय.
तेरा इंचांत गाणं म्हणजे
कुलपाच्या भोकातून लग्न बघणं.
बेस उघडला की हलगी झाकली जाते,
हलगी उघडली की कोरस खाली घसरतो,
आणि माझं एक बोट सारखं
वर-खाली, वर-खाली,
नवस बोलल्यासारखं.

केबल लावली.
काळ्या काचेवर निळी चौकट तरंगत आली,
नो सिग्नल,
ह्या कडेला आपटून त्या कडेला,
रंकाळ्यात दोर सुटलेल्या होडीसारखी.
इर्शाद म्हणाला, इनपुट बदल.
बदललं. म्हणाला, अडॅप्टर उलटा घाल.
घातला. म्हणाला, बंद करून चालू कर,
म्हणजे आता त्यालाही काही सुचत नव्हतं.
केबलच हलकी निघाली. लक्ष्मीपुरीत जाऊन
दुसरी आणली त्यानं, साडेतीनशे,
आणि येताना भडंग.

मग आलं.
एकदम.
बेचाळीस ट्रॅक, एकाखाली एक,
पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या शांततेपर्यंत
सगळं गाणं उताणं पडलेलं.
हलगी भगवी, घुमकं जांभळं, कैताळ हिरवा,
आणि त्या सगळ्याच्या मागं, फिकट,
वर्षानुवर्षं उघड्या राहिलेल्या खतावणीचे रकाने:
जमा, नावे, शिल्लक.
काच पुसली. गेले नाहीत.
कुरणेबाई टेबल सोडायला तयार नाहीत.

स्पेस दाबला. रेघ धावली.
स्पीकर गप्प.
चित्राच्या मागोमाग आवाजही त्याच वायरीतून
मॉनिटरच्या पोटात गेला होता,
आणि तिथून, डब्यात कोंडलेल्या माशीसारखी,
शामराव वायदंड्यांची हलगी.
तालमीसमोर वाजते तेव्हा
समोरच्या दवाखान्याची तावदानं हलतात, ती हलगी.
इर्शाद इतका हसला की भडंग नाकात गेलं.
सेटिंगमध्ये शिरून तिला परत बोलावली.

दुसऱ्या दिवशी शामराव स्वतः आले.
चपला जिन्यात, हलगी काखेत.
बराच वेळ नुसतं बघत राहिले.
"ह्यात मी कुठला?"
मी भगव्या पट्टीवर बोट ठेवलं.
"एवढा लांब?"
मग खुर्ची फिरवली, पाठ पडद्याकडं,
डोळे मिटून चार मिनिटं ऐकलं.
गुडघ्यावर बोटं, तीही थांबलेली.

"दुसऱ्या फेरीला हात मागं पडलाय माझा.
एवढ्या मोठ्या टीव्हीत तुला दिसलं न्हाई?"

मी मोठं करून पाहिलं. आणखी मोठं.
एकच ठोका पडद्याभर, जोतिबाच्या डोंगराएवढा,
आणि त्याच्या अलीकडं
केसाएवढी फट.
होती.

"पुढं ओढून घेऊ का? कळणार नाही कुणाला."
"ओढायला ती काय म्हस हाय?
परत वाजवतो. काडेपेटी बघ."

हलगी शेकायला कागद लागतात.
घरात पेपर येत नाही, फोनवरच वाचतो मी सगळं.
होती ती व्हाउचरं, कोपऱ्यात चुरगळलेली.
गॅलरीत पेटवली. टेबल क्र. ३ चा हिशोब
बरा जळला, धूर कमी.
शामराव कातडं फिरवत, टिचकी मारून
कान लावत होते.
आत सत्तावीस इंच उजेडात रेघ थांबलेली,
मी दारात, बोट रेकॉर्डच्या बटणासाठी शिवशिवत.
ते मान हलवत म्हणत होते,
आजून न्हाई.
आजून न्हाई.