साताठी

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
फाकलेली शाई, सरकलेला आकडा,
कागदात दाबला गेलेला कुणाचा तरी केस.
आधी बोट थांबायचं, डोळा मागून.
आता निवृत्त. आता मी खोटं तयार करतो.

दिवाळी सरून दारणेचं पाणी निवळलं
की चेहेडीच्या पुलाखाली उतरतो.
खिशात तपकिरीची रिकामी डबी,
डबीत सतरा माश्या, सगळ्या माझ्या हातच्या:
येवल्याच्या मागावरच्या उरल्यासुरल्या रेशमाचं अंग,
गळ्याशी देवळालीच्या एका भांडखोर कोंबड्याचं पीस,
शेपटीला कुंचल्यातले दोन केस.
आत गळ. तांदळाच्या कणीएवढा.

भिवसन कहार हसतो.
त्याच्याकडे हळद घातलेल्या कणकेचा गोळा
आणि अंगठ्याला गुंडाळलेली दोरी.
"साहेब, माशाला काय नक्षी कळती?"
कळते, भिवसन.
म्हणून तर.

साडेसहाला पुलावरचे दिवे लागतात.
पाणी सपाट. वरून ट्रक जातो, खांब हलल्यासारखा वाटतो,
पुन्हा सपाट.
मग धोंड्यांखालून, जिथं महिनोन्महिने शेवाळ खरवडत काढले,
तिथून कुणीतरी वर येतं
आणि पाण्याच्या कातडीला आतून टाचणी टोचल्यासारखं होतं.
एक. चार. मग मोजायचं सोडून द्यावं.
पाण्यावरच उभ्या राहतात, पंख शिडासारखे मिटून,
वाहत जाता जाता वाळतात.

पुस्तकात त्यांचं नाव लांबलचक आहे.
भिवसन म्हणतो साताठी.
सातला येतात, आठला संपतात.
त्यांना तोंडच नसतं, मी त्याला सांगतो,
खाणं नाही, पिणं नाही.
तो बराच वेळ दोरीकडे बघतो.
"मंग त्या भांडता कशानी?"

आधी चालट आले, तव्यावरचे फुटाणे.
मग खांबाजवळच्या भोवऱ्यात, पाणी काळं होतं तिथं,
एक जाड ओठ.
आवाज नाही. नुसतं ताटलीएवढं वर्तुळ
आणि त्यात मघाची साताठी नाही.
महाशीर.

मी माझी वरच्या अंगाला टाकली.
आली डुलत, दोन खऱ्यांच्या मधून,
मलाही क्षणभर कळेना माझी कोणती.
मासा खालून चढला. थांबला.
ते थांबणं माझ्या ओळखीचं.
उजेडाकडे धरून, जरा तिरकं करून,
घाई न करता.
त्यानं शेजारची उचलली.
माझी पुढं गेली पुलाखालून
नापास.

तेवढ्यात भिवसननं कणकेवर वाम काढली, हातभर,
आणि माझ्याकडे न बघण्याचं सौजन्य दाखवलं.

आठ होत आले. दिव्याखाली अजून त्यांचं वरखाली चाललेलं,
चाळणीतून पीठ पडावं आणि पडूच नये तसं.
एक माझ्या बाहीवर बसली.
बसल्या जागी तिची पाठ उकलली,
आणि तिच्यातून तीच निघाली, पुन्हा,
अधिक काचेची, अधिक लांब शेपटीची.
पंख फुटल्यावरही कात टाकणारी किड्यांत ही एकटीच,
असं वाचलं होतं. वाचलेलं उडून गेलं दिव्याकडे.
बाहीवर राहिली खोळ:
पंखांची सुद्धा, आणि पायांचे सहा मोजे.

घरी शशिकला म्हणाली, "दोरा लागलाय,"
आणि फुंकर मारणार
तोच मी तिचा हात धरला.
तिला नवल वाटलं. मलाही.
मग जेवण झाकून ठेवून
आम्ही एकच चष्मा आलटूनपालटून लावला.
कुठं शाई फाकली नव्हती.
कुठं शिवण दिसत नव्हती.

"ही मात्र छान जमलीय तुम्हाला," ती म्हणाली.
"हिला गळ कधी लावणार?"