मूठ सुटायला लागणारा वेळ

"घट्ट आवळा. तीन मोजते. आता सोडा."
स्टॉपवॉच दाबून मी बघत राहते
जिनेत दालेरची बोटं.
करंगळी आधी, मग तिच्या शेजारची,
अंगठा सगळ्यात शेवटी,
झोपेतून उठवलेल्या पोरासारखा.
अकरा सेकंद, चार दशांश.

ही मूठ कुठे कुठे अडकली, ते ती सांगते :
लग्नात पाद्र्याच्या हातात,
जॉन्कियेरच्या कारखान्यात, कॅन्टीनच्या डावावर,
एकदा गोठलेल्या फ्योर्डवर, लाकडी खोपीत.
मासा गळाला लागून सुटूनही गेला
आणि दोरी हातातच. उणे सत्तावीस होतं.
नवरा तोंडाची वाफ देऊन
एकेक बोट सोडवत बसला.
"त्याला वाटलं, मला हात सोडायचाच नाहीये.
मीही तसंच वाटू दिलं."

वडिलांना नुसता मोतीबिंदू, तो मात्र चाळिशीत.
हिला हे हात.
मुलगी कारोलान कठड्याला विचारून जिना चढते,
आणि नातू झाशारी जन्मला तेव्हा
रडायलाही बळ नव्हतं त्याच्यात.
सगळी तीन अक्षरांची करणी.
लिहिता लिहिता कारकुनाला डुलकी लागावी
आणि टाक तेच तेच गिरवत राहावा,
दर पिढीला आणखी एक पान.

दर चार आठवड्यांनी शिरेत सुई.
पिशवीत औषध आहे की मिठाचं पाणी,
तिला ठाऊक नाही, मला नाही,
डॉक्टर व्हेझिनालाही नाही.
मॉन्ट्रियलच्या कुठल्याशा कपाटात लखोटा आहे.
झाकली मूठ.
सव्वा लाखाची असेल, नसेल.
मी आपली उघडणाऱ्या मुठीच मोजते.

सातव्या भेटीत : सहा सेकंद, एक दशांश.
आकडा लिहिला. चेहरा कोरा ठेवला,
तसं शिकवलंय आम्हाला.
ती म्हणाली, "आज खोली गरम आहे."
मी म्हटलं, "हो."
खोली रोज एकवीस अंशांवरच असते.

आठव्या भेटीत साडेनऊ.
त्यावर कुणीच काही बोललं नाही.

निघताना तिनं माझा हात हातात घेतला.
स्टॉपवॉच टेबलावर होतं.
खाली बर्फ काढणारी गाडी
पीं पीं करत मागे येत होती.
मी मोजत नव्हते.
चौदा वेळा वाजली.