काळी तीन

लिलाव संपायला चार मिनिटं.
योटेबोर्गमध्ये पहाटेचे तीन वाजून सोळा,
आणि मी, रूने हॅलीन, वय एक्क्याऐंशी,
स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, पायात दोन-दोन मोजे,
माउसवर बोट ठेवून बसलोय,
बिळापाशी मांजर बसतं तसा.

तिकडे लुईव्हिलमध्ये कुणी बाई
बापाचं घर रिकामं करतेय. फोटो हललेले.
नग क्रमांक एकतीस:
लुशियस पेटवे, पियानो. आमच्या गावचा तळघरातला क्लब,
फेब्रुवारी अडुसष्ट. तीनशेच प्रती निघाल्या होत्या.
वेष्टनाचा कोपरा दुमडलेला, मागे कपाचं वर्तुळ,
पुढे तपकिरी शाईत सही,
आणि सहीच्या वर: “डोरोथीया, जिना सांभाळ.”

सहीपायीच भाव चढलाय.
मला सही नकोय.

समोर कोण आहे ठाऊक नाही. नावाच्या जागी
एक क, तीन तारे आणि नऊचा आकडा.
याआधी दोन प्रती यानंच माझ्या हातून नेल्या,
शेवटच्या सेकंदाला, चिमटीतून मीठ न्यावं तशा.
बोली लावतो, पण बोलत नाही.
असतील का त्याच्याही पायात दोन मोजे?

गुन्वोर आतून विचारते, “कितीवर गेलं?”
मी निम्मा आकडा सांगतो.
बावन्न वर्षांच्या संसारात एवढी सूट असते.

त्या रात्रीचा पियानो मी लावला होता.
बाहेर उणे अकरा, आत लोखंडी शेगडी रसरसलेली,
लाकूड माझ्यादेखत हलत होतं.
सत्त्याऐंशी पट्ट्या जागेवर आल्या.
वरच्या सप्तकातली काळी तीन येईना.
खुंटी पिळावी, की घसरे. पिळावी, की घसरे.
सातची ट्राम सुटत होती, घरी पोर तापलेलं.
मी झाकण मिटलं, मोजून पैसे घेतले
आणि कुणाला एक शब्द न बोलता जिना चढून गेलो.

म्हणून म्हणतो, या तबकडीवर सह्या दोन.
एक शाईची, वर.
एक खाचेतली, बेसूर, माझी.

नऊ सेकंद. सात.
क-तीन-तारे-नऊ कुठे गेला कोण जाणे,
डुलकी लागली असेल, किंवा बायको उठली असेल.
चारशे दहा डॉलर. टपालखर्च वेगळा.

तबकडी एकोणीस दिवसांनी आली. जकातीचा शिक्का थेट सहीवर.
मी कानातली यंत्रं नवी बॅटरी घालून बसवली,
सुई टेकवली, आणि आरोपीसारखा उभा राहिलो.

पेटवे वर चढतो, काळी तीनच्या उंबऱ्याशी येतो
आणि वळतो.
पुन्हा येतो, पुन्हा वळतो,
जिन्यात निजलेल्या कुत्र्याला
न उठवता ओलांडावं तसा.
की मलाच ऐकू येत नाही?
डॉक्टर म्हणाले होते, वरचे सूर आधी जातात.

वरच्या मजल्यावर ट्यूरा राहते, चेलो शिकते.
तिला बोलावलं. खुर्चीत पाय घेऊन बसली,
दोन्ही बाजू ऐकल्या, मधे एक सफरचंद खाल्लं.
मग म्हणाली,
“आहे. एकदाच. पहिल्या मिनिटात.
नंतर कधीच नाही.”

एकदा बोट पडलं, त्याला कळलं.
तळघरात दीडशे माणसं, कुणाला पत्ता नाही,
आणि पुढची चाळीस मिनिटं हा परका माणूस
एक पट्टी कमी धरून वाजवत राहिला,
माझी झाकली मूठ
आपल्या दहा बोटांत सांभाळत.

मला छप्पन्न वर्षं वाटत होतं, तो मला शिव्या देत असेल.

सकाळी कॉफी गाळताना
गुन्वोरला खरा आकडा सांगितला.
ती साखर शोधत होती.
“माहीत आहे,” म्हणाली,
“बँकेचा निरोप माझ्याच फोनवर येतो.”