मापटं

म्वान्झाहून आलेली बोट
धक्क्याला टेकायच्या आधीच
मिंझा पाण्यात उतरते गुडघाभर.
डोक्यावर चुंबळ, दोन्ही हात वर,
आणि खलाशी अलगद ठेवतो त्यावर
गोधडीत गुंडाळलेली काच.

आत काय आहे, सगळ्या किसेंगाला ठाऊक.
तरी पोरं विचारतात, आरसा का गं?
ती म्हणते, हो, उन्हाचा.

या गावात रात्र मापट्याने विकली जायची.
मिंझाची आई, न्यान्झोबे,
बाजारातल्या आंब्याखाली
निळ्या पिंपाशेजारी तीस वर्षं बसलेली.
एक मापटं घासलेट, चार रात्रींचा दिवा.
कडेला ओघळलेला थेंब बोटाने निपटायची
आणि गिऱ्हाइकाच्याच बाटलीत सोडायची.
कुणी म्हणू नये, बाई मापात मारते.

त्याच घासलेटावर मिंझा शिकली
सातवीपर्यंत,
नाकपुड्या काळ्या करून.

बायकांच्या गटाची पेटी, तिला तीन कुलपं,
तीन किल्ल्या तिघींच्या गळ्यात.
त्या पेटीतून सहा कंदील आले,
रात्रीच्या भाड्याने. सकाळी परत, धुऊन.
कोळी हसले.
म्हणाले, पांढऱ्या उजेडाला दगा भुलत नाही.
(दगा हे माशाचं नाव. नावावर जाऊ नका.
बोटाएवढा असतो, गाव पोसतो.)
फक्त मासालू तयार झाला,
तोही घासलेटाला पैसे नव्हते म्हणून.
उजाडता परतला,
होडी काठापर्यंत पाण्यात बसलेली.
बोलला काहीच नाही.
कंदील धुऊन दिला
आणि पुढच्या रात्रीचे पैसे आगाऊ.

मग पत्र्यावर चार काचा. मग अकरा.
खिळ्यांवर टांगलेले साठ फोन,
प्रत्येकाला चिकटपट्टीवर मालकाचं नाव.
एका वर्षी बॅटऱ्या फुगल्या,
आंबलेल्या पिठासारख्या.
तिने कानातलं विकलं आणि पैसे परत केले,
दारोदार जाऊन,
ज्यांनी मागितले नव्हते त्यांनाही.

आई त्या पत्र्याखालून जायची,
वर बघायची नाही.
पिंप दर महिन्याला भरायचं, मग दोन महिन्यांनी,
मग त्याच्यावर एक कोंबडी बसू लागली.
मायलेकी एकाच ताटातून उगाली खायच्या
आणि धंद्याचं बोलायच्या नाहीत.
लोक म्हणाले, लेकीने आईचं दुकान विझवलं.
खोटं नव्हतं ते.
मिंझाने कधी खोडलंही नाही.

एका संध्याकाळी, हिशेबाच्या वेळी,
म्हातारी आली, बाकावर बसली,
उधारीची वही मांडीवर घेतली, उलटी.
अक्षर येत नाही तिला.
वही परत देत म्हणाली, नावं वाच.

मिंझा वाचत गेली.
हा देईल.
हा देईल, पण कापसाचे पैसे हातात आल्यावर.
हिला मागू नकोस. मीही तीन वर्षं मागितले नाहीत.
आणि हा, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा,
हा बुडवणार. याचा बापही बुडवायचा.
तीस वर्षांचा अंधार
तिला घरागणिक तोंडपाठ होता.

उठताना कमरेच्या कापडातून मापटं काढलं,
राखेने तीनदा घासलेलं.
वास होताच.
आता त्यात स्क्रू असतात, फ्यूज,
एक मोडकी कात्री.

पहाटे कोळी कंदील ठेवून जातात,
ओले, खवल्यांचे ठिपके लागलेले.
न्यान्झोबे फडक्याने एकेक काच पुसते,
कडेला राहिलेला थेंब बोटाने निपटते
आणि जमिनीवर झटकायच्या आधी
क्षणभर
बाटली शोधते.