चार

त्या वहीत नऊ वर्षं मी चार लिहिला.
सकाळी चार. संध्याकाळी चार.
लशींना म्हणे दोन ते आठ अंशांतच ठेवावं लागतं,
आणि चार हा आकडा तसा गुणी,
चारचौघांत उठून दिसत नाही.

पोतोसीच्या वरच्या वस्तीत, खाणीच्या डोंगराखाली
आमचं औषधभांडार.
जूनच्या रात्री बादलीतल्या पाण्यावर बोटभर बर्फ,
फ्रीजच्या आत कमी, खोलीतच गारठा जास्त.
थर्मामीटर पाहायचा तर हातमोजे काढा, दार उघडा, वाका.
मी वही उघडायचो.
ती टेबलावरच असायची.

मधे एकदा राजधानीहून माणसं आली होती.
दोन दिवस प्रोजेक्टर, गळ्यात बिल्ले, कागदात गुंडाळलेले पाव,
जाताना एक पोस्टर दिलं: प्रत्येक आकडा मोलाचा.
खिडकीच्या फटीला ते बरोबर बसलं.
वारा थांबला.
चार चालू राहिला.

मग कासिल्दा युक्रा आली, बदली होऊन,
एका हातात थर्मास, दुसऱ्यात नवऱ्याचं जुनं जाकीट.
वही चाळली. सावकाश, पानामागून पान,
जणू कुणाचं पत्र वाचावं.
मी चार शब्द ऐकायची तयारी केली.
ती एकच बोलली:
"कशावरून?"
आणि उत्तराची वाट न बघता जेवायला गेली.

दुसऱ्या आठवड्यात त्याच वहीत
सकाळच्या रकान्यात तिचं अक्षर:
"पाहायला विसरले. युक्रा."
खाली तारीख, सही.
मी ते पान तीनदा वाचलं.
इतकी वर्षं या इमारतीत कुणी
आपल्या हातानं रकाना रिकामा ठेवला नव्हता.

जुलैच्या एका पहाटे मी हातमोजे काढले.
वाकलो.
उणे दोन.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. उणे दोनच.
लिहिताना पेनातली शाई गोठलेली,
तोंडाची वाफ देऊन देऊन दोन आकडी रेघा ओढल्या.

तिनं दोन बाटल्या हलवून शेजारी शेजारी ठेवल्या.
एकीतलं पाणी गढूळ राहिलं, दुसरीत भराभर गाळ बसला.
"ही गोठून वितळलेली," ती म्हणाली. "वरून कळत नाही."
तीनशे चाळीस डोस फेकले.
राजधानीनं विचारलं, चूक कुणाची?
तिनं त्या पानाची नक्कल पाठवली, खाली स्वतःचं नाव घालून.
मला म्हणाली, "बरं झालं पाहिलंत."
एवढंच. मग थर्मासमधला चहा.

त्या रात्री झोप आली नाही.
नऊ वर्षांतल्या किती रात्री उणे होत्या
हे आता कुठल्याच पानावर सापडणार नाही.
मी तिथं चार लिहून ठेवलाय.
माझ्या नातवाचा दंडही त्याच वर्षांतला.

तीन हिवाळ्यांनी तिची बदली झाली.
थर्मास गेला, जाकीटही.
सगळे म्हणाले, आता बघा, महिनाभरात पहिले पाढे पंचावन्न.
मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.
नवे साहेब आले, त्यांना भिंतीवर स्क्रीन हवा होता,
हिरवे-तांबडे दिवे लागणारा.
तो अजून यायचाय.

काल नव्या मुलीनं, देल्फिनानं, आत येता येता
वहीत काहीतरी लिहिलं आणि शेगडीकडे वळली.
रखवालदार सातुर्निनो दारात उभा.
त्याला वाचता येत नाही, आकडे तेवढे ओळखतो.
वहीत डोकावला, हातातली शिट्टी फिरवली
आणि म्हणाला,
"कशावरून?"

ती लाल झाली. मग हातमोजे काढले,
दार उघडलं, वाकली.
आम्ही दोघं तिच्या पाठीमागून डोकावलो,
म्हातारे, एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी टेकून.

चार होता.
खराखुरा.